फॉर्मवरची रिकामी ओळ

सोलापूरची कडक भाकरी कितीतरी दिवस टिकते, कारण तिच्यात पाणीच उरलेलं नसतं. मऊ भाकरी मात्र पावसाळ्यात डब्यात विसरली, की दोन-तीन दिवसांत तिच्यावर पांढरा कापूस येतो आणि त्यावर बारीक काळे ठिपके धरतात. २०२१च्या मे महिन्यात ‘काळी बुरशी’ या नावानं घरोघरी धडकी भरवणाऱ्या म्युकरमायकोसिसचं कूळ तेच. या आजारात आपल्या देशात सर्वाधिक सापडणारी ऱ्हायझोपस ही भाकरीवरच्या बुरशीची सख्खी बहीण म्हणता येईल.

काळी हे नाव तसं फसवं. काळी पडते ती रुग्णाची त्वचा, टाळू, नाकाचा आतला भाग. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त अडवते आणि पुढचा भाग मरून काळा पडतो. म्हणजे काळेपणा दिसेपर्यंत थांबलं, तर बराच उशीर झालेला असतो.

तिचे बीजाणू हवेत सगळीकडे आहेत. आपण ते रोज श्वासावाटे घेतो आणि आपल्या पांढऱ्या पेशी त्यांचा निकाल लावतात. मधुमेह हाताबाहेर गेला, की त्या पेशी मंदावतात. शिवाय रक्त आम्लधर्मी झालं, की प्रथिनांनी धरून ठेवलेलं लोह मोकळं होतं आणि बुरशीला नेमकं तेच हवं असतं. त्यात कोविड आणि स्टेरॉइडची भर पडली. २० मे २०२१ रोजी केंद्र सरकारनं राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली अधिसूचित करायला सांगितलं. सोलापुरात तेव्हा आसपासच्या जिल्ह्यांतून आणि सीमेपलीकडच्या विजयपूर-कलबुर्गीकडूनही रुग्ण येत होते.

मी इथल्या एका प्रयोगशाळेत सूक्ष्मजीव ओळखण्याचं काम करते. आमच्या कामातली खरी अडचण हवेतल्या याच सर्वव्यापीपणातून येते. प्लेटवर ऱ्हायझोपस उगवली म्हणून ती रुग्णातच होती असं ठरत नाही. प्लेटचं झाकण उघडताना हवेतूनही ती पडली असेल. म्हणून आधी पुरावा हवा तो ऊतकाच्या तुकड्यात. नाकातून, सायनसमधून काढलेला तुकडा काचपट्टीवर ठेवायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, पेशी विरघळल्या की सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. अर्ध्या-एक तासाचं काम. रुंद, फितीसारखे, मधे भिंती नसलेले आणि बऱ्याचदा काटकोनात फुटणारे धागे दिसले, तर म्युकर. बारीक, भिंती असलेले, लघुकोनात फुटणारे दिसले, तर बहुधा अस्परजिलस. हा फरक हौसेचा नाही. अस्परजिलसवर चालणारं व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही. तिथं अॅम्फोटेरिसिन लागतं, आणि ते मूत्रपिंडाला इजा करतं; नुसत्या अंदाजावर किती दिवस देणार? बुरशीसाठी रक्ताच्या ज्या चाचण्या सांगितल्या जातात, त्यांतली गॅलॅक्टोमॅननसारखी चाचणी म्युकर पकडतच नाही. ती निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत झालेले नातेवाईक मी पाहिले आहेत.

तुकडा हाताळण्याचीही रीत आहे. इतर नमुने आम्ही कुटून प्लेटवर लावतो. म्युकरचे धागे आतून सलग नळीसारखे असल्यामुळे कुटले की मरतात; म्हणून तुकडे हलकेच कापून लावायचे.

त्या मे महिन्यात एका खासगी दवाखान्यातून एका विडी वळणाऱ्या बाईंचा तुकडा आला, तो फॉर्मॅलिनमध्ये. पॅथॉलॉजीच्या तपासणीला फॉर्मॅलिनच लागतं, पण त्यात बुरशी मरते. आम्हाला तुकडा सलाइनमध्ये हवा असतो. बाटली घेऊन आलेला मुलगा तेलुगू आणि मराठी मिसळून विचारत होता, “मॅडम, आता परत कापायचं का आईला?” मी हो म्हणाले. दुसरा तुकडा दुसऱ्या दिवशी दुपारी आला आणि तासाभरात फिती दिसल्या. बाई वाचल्या, उजवा डोळा गेला. त्या एका दिवसामुळेच गेला असं मी म्हणू शकत नाही. पण तो दिवस माझ्या हिशेबातून जात नाही.

दुसऱ्याची चूक सांगितली, तर आपलीही सांगावी. त्याआधी काही वर्षं एका रुग्णाच्या फुप्फुसातल्या गळवाचा पू आला होता. फॉर्मवर रुग्णाच्या माहितीची ओळ रिकामी. आम्ही रिवाजाप्रमाणे ४८ तासांनी प्लेट टाकून दिली, ‘वाढ नाही’ असं कळवलं. क्षयाचे उपचार सुरू झाले. दोन महिन्यांनी पुन्हा नमुना आला, तेव्हा कळलं की त्यांची किडनी बदललेली होती. या वेळी प्लेट ठेवली. नवव्या दिवशी खडूसारख्या कोरड्या, चिकटून बसलेल्या वसाहती आल्या आणि खोलीत ओल्या मातीचा वास. नोकार्डिया.

हा जिवाणू मातीतला; फ्रेंच पशुवैद्य एदमॉं नोकार यांनी १८८८ मध्ये गुरांच्या आजारात वर्णिलेला. क्षयाची नेहमीची रंगचाचणी त्याला चकवते, कारण तिच्यातलं २० ते २५ टक्क्यांचं आम्ल त्याचा रंग धुऊन टाकतं. आम्ल १ टक्का घेतलं, तर फांद्या फुटलेले लाल तंतू दिसतात. क्षयाच्या नेहमीच्या औषधांवर भिस्त ठेवून तो बरा होत नाही; त्यावर को-ट्रायमॉक्साझोलसारखं जुनं, स्वस्त औषध लागतं. (गंमत अशी, की म्युकरवरचं अॅम्फोटेरिसिन ज्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं, तो या नोकार्डियाचाच भाऊबंद.) हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की रुग्ण कोण आहे.

तेव्हापासून ती ओळ रिकामी आली, की मी फोन करते. साखर किती, स्टेरॉइड चालू आहे का, किडनी बदलली आहे का, केमोथेरपी सुरू आहे का. कामाच्या गर्दीत डॉक्टर वैतागतात, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. एका तरुण डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात विचारलं, “पू पाठवलाय, त्यात काय आहे ते सांगा ना, पेशंटचं काय करायचंय तुम्हाला?” तरी दोन मिनिटं बोलले. ल्युपसची रुग्ण, सहा महिने स्टेरॉइडवर.

तिची प्लेट सध्या इनक्युबेटरमध्ये आहे, वर लाल शाईनं ‘टाकू नये’ लिहून. आठ दिवस झाले, अजून काही आलेलं नाही. तीन आठवडे ठेवणार आहोत.