क्रियापदाचा मान

जबलपूर शहरापासून सुमारे वीस-पंचवीस किलोमीटरांवर नर्मदा संगमरवरी कड्यांच्या अरुंद घळीत शिरते. त्या स्थळाचे नाव भेडाघाट. धुवांधारचा प्रपात पाहून झाला की प्रवासी नावेत बसतात, आणि नावाडी यमके जुळवीत, मधूनमधून थट्टा करीत दोन्ही तीरांवरील खडकांची ओळख करून देतो. ती ऐकून हसणे हा तेथील सहलीचा एक भागच होऊन बसला आहे.

अशाच एका नावेत जबलपुरात तीन पिढ्या राहिलेले एक मराठी कुटुंब आणि त्याचे नागपूरकडील पाहुणे बसले आहेत, अशी कल्पना करावी. घाटाच्या पायऱ्यांवरून साडी नेसलेल्या तीन-चार तृतीयपंथी व्यक्ती स्नानासाठी उतरत आहेत. नावेतील मामा एक टाळी वाजवून म्हणतात, "ते बघा, आलं!" सारी मंडळी हसतात. महाविद्यालयात शिकणारी भाची मात्र हळूच म्हणते, "मामा, 'आलं' नको. 'आल्या' म्हणा ना." मामा किंचित ओशाळतात. "अगं, गंमत केली. ती माणसं कुठे ऐकताहेत?"

प्रसंग एवढाच आहे. पण मामांचा प्रश्न खोटा नाही, आणि भाचीची हरकतही पोरकट नाही. तिने आक्षेप घेतला तो एका क्रियापदाच्या शेवटच्या अक्षराला. मराठीचे क्रियापद कर्त्याचे लिंग सांगते आणि त्याबरोबर त्याचा मानही सांगते. 'लेकरू दमलं' असे आई म्हणते तेव्हा त्या नपुसकलिंगात माया असते. तेच लिंग एखाद्या प्रौढ माणसाला मुद्दाम लावले, की त्याला माणसांच्या पंगतीतून उठवून वस्तूंच्या ढिगात टाकल्यासारखे होते. यासाठी वेगळी शिवी द्यावी लागत नाही. 'आलं' हा एकच शब्द पुरतो.

ज्या भाषेत हा दोष आहे तिच्यातच त्यावरचा उपायही आहे. वडिलांसाठी, गुरुजींसाठी, दारी आलेल्या पाहुण्यांसाठी मराठी माणूस सहजपणे 'ते आले', 'त्या आल्या' असे म्हणतो. जी व्यक्ती स्वतःविषयी 'मी आले' असे बोलते तिला 'त्या' म्हणावे, 'मी आलो' म्हणते तिला 'ते' म्हणावे. याहून अवघड काही नाही. आणि समोरासमोर बोलताना तर 'तुम्ही कधी आलात?' या वाक्यात स्त्री-पुरुष हा प्रश्नच उद्भवत नाही.

आता शिव्यांचा विचार करू. 'बायल्या', 'शिखंडी', 'बृहन्नडा' हे शब्द घरात, कचेरीत, सभेत भ्याडपणाच्या अर्थाने सर्रास वापरले जातात. एखाद्या अधिकाऱ्याचा निषेध करायचा तर मोर्चेकरी त्याला बांगड्यांचा आहेर करतात. पण ज्या महाभारतातून ही नावे आली तेथे काय आहे? द्रुपदाच्या घरी मुलगी म्हणून जन्मलेला आणि मुलगा म्हणून वाढलेला शिखंडी कुरुक्षेत्रावर भीष्मांच्या समोर उभा राहिला. विराटनगरीत उत्तरेला नृत्य शिकविणारी बृहन्नडा ही अर्जुनच होती, आणि विराटाच्या गाई वळविण्यासाठी आलेल्या कौरवसेनेला त्याच अज्ञातवासाच्या वर्षाअखेर तिने पिटाळून लावले. भ्याडपणा त्या कथेत नाही. तो मागाहून आपण त्या नावांना चिकटविला आहे.

या हेटाळणीला एके काळी कायद्याचेही बळ होते. इंग्रजी राजवटीने १८७१ साली जो गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्याच्या एका भागात तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. अशी नोंद झालेल्या व्यक्तीने रस्त्यावर स्त्रीवेष केला किंवा नाचगाणे केले तर तिला पकडता येत असे. ज्यांचे कपडे हाच गुन्हा ठरला, त्यांच्याविषयी लोकांच्या जिभेवर आदर कोठून येणार?

स्वातंत्र्यानंतरही नावाचा प्रश्न सुटला नाही. याच भागातील कटनी शहराच्या नागरिकांनी कमला जान या तृतीयपंथी उमेदवाराला महापौर म्हणून निवडून दिले. पुढे, जागा स्त्रियांसाठी राखीव आहे आणि उमेदवार स्त्री नाही, या कारणावरून ती निवडणूक रद्द ठरली, आणि २००३ साली मध्य प्रदेश उच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या नागरिकत्वाच्या हक्कांना आणि त्यांच्या स्वतंत्र ओळखीला मान्यता दिली. त्यानंतर जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे अंजली पाटील यांना मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्त्रियांसाठी राखीव जागेवरून उभे राहू दिले, आणि २०२१ साली त्या ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. 'आल्या' हे क्रियापद मिळण्यासाठी एका माणसाला उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

२०१९ च्या कायद्याने तृतीयपंथीयांच्या शाब्दिक छळालाही शिक्षा सांगितली. परंतु नावेत, ओसरीवर, लग्नाच्या पंगतीत कायदा येऊन बसत नाही. तेथे बोलायचे ते घरच्यांनीच. हे अवघड असते, कारण ज्यांना टोकायचे ते बहुधा वयाने मोठे आणि मायेचे असतात. म्हणून भाचीने जे केले त्यातील रीत पाहावी. तिने मामांना वाईट म्हटले नाही, प्रवचन दिले नाही. चुकीच्या शब्दाच्या जागी योग्य शब्द तेवढा ठेवला आणि आपला 'अहोजाहो'चा स्वर सोडला नाही. ज्यांना चारचौघांत टोकणे झोंबेल, त्यांच्याशी मागाहून एकांतात बोलावे. मित्र थट्टा करीत असेल तर, 'यात हसण्यासारखे काय आहे, मला समजावून सांग,' एवढे विचारणे पुष्कळदा पुरते, कारण अशी थट्टा समजावून सांगता येत नाही. एकदा सांगून सवय मोडणार नाही. पुन्हा सांगावे लागेल. आणि स्वतःच्या तोंडून चूक झाली तर शब्द सुधारून पुढे जावे.

घाटावरून पायऱ्या चढून गेले की चौसष्ट योगिनींचे मंदिर लागते. दहाव्या शतकाच्या सुमारास, कलचुरी राजांच्या काळी घडविलेल्या या वर्तुळाकार मंदिरात स्त्रीचे शरीर आणि हत्तीचे मुख असलेली योगिनीही आहे. नावेतील ती मंडळीही तेथे जाऊन हात जोडतील. मूर्तीचा देह नेहमीसारखा नाही म्हणून तेथे कोणी टाळी वाजवीत नाही.

राहता राहिला मामांचा प्रश्न: ती माणसे कुठे ऐकत होती? घाटावर स्नान करणाऱ्यांना कदाचित ऐकू गेले नसेल. पण त्याच नावेत, आईला चिकटून, बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा बसलेला असू शकतो. त्याची चाल, त्याचा आवाज इतर मुलांसारखा नाही, आणि त्यावरून शाळेत त्याला काय म्हणतात हे त्याने घरी सांगितलेले नाही. सारे हसले तेव्हा तोही हसला असेल. आपल्याविषयी घरी एखाद्या दिवशी कोणते क्रियापद वापरले जाईल, हे त्याला त्या एका शब्दातून कळले असते. भाची बोलली, म्हणून त्याच दुपारी त्याला दुसरेही काही कळले: या घरात निदान एक माणूस असे आहे, की ज्याच्यापाशी जाऊन बोलता येईल.