पियानो व ड्रम यांचा संवाद



शिरूरच्या एका शाळेंत मी मास्तर असतांना एक मुलगा तास चालू असतां बांकावर बोटांनीं ठेका धरीत असे. हा निव्वळ उनाडपणा, असें ठरवून मीं त्याला वर्गाबाहेर उभें केलें. त्याच्या शेजारीं गुणगुणणाऱ्या मुलास मात्र ‘गळा गोड आहे’ म्हणून शाबासकी दिली. सेवानिवृत्त होऊन दौंडास राहावयास आल्यावर एके संध्याकाळीं मीं एक ध्वनिमुद्रण ऐकलें, आणि माझ्या त्या न्यायाची मला लाज वाटूं लागली.

तें ध्वनिमुद्रण होतें १५ डिसेंबर १९७९ रोजीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत झालेल्या मैफलीचें. पियानोवर सेसिल टेलर आणि ड्रमवर मॅक्स रोच, असे दोघे अमेरिकन जॅझवादक. प्रथम प्रत्येकानें थोडा वेळ एकट्यानें वाजविलें. मग दोघांनीं मिळून सव्वा तासाच्या आसपास. गायक नाहीं, तिसरें वाद्य नाहीं. जें सुचेल तें तेथल्या तेथें वाजवावयाचें.

प्रथम ऐकणारास हा गोंधळ वाटतो. म्हणून आधीं जॅझची रूढ रीत पाहूं. चार मात्रांचा एक खंड, आणि असे बारा किंवा बत्तीस खंड झाले म्हणजे बहुधा एक आवर्तन पुरें होतें. आवर्तनांतील स्वरसंगती ठरलेली असते; तिच्या आधारें वादक ऐन वेळीं नवी सुरावट रचतो. कित्येकदां चार खंड पियानोनें वाजवावे व पुढचे चार ड्रमनें, असा सवाल-जवाब रंगतो. चार चोक सोळा. म्हणजे आपल्या त्रितालाचें एक आवर्तनच झालें!

टेलर यांनीं हें मापही बाजूस सारलें होतें. मग दोघांना एकत्र बांधतें काय? केवळ कान. पियानोच्या ८८ पट्ट्यांपैकीं कोणतीही दाबली कीं आंत एक हातोडी तारेवर आपटते. म्हणजे तेंही एका परीनें आघाताचेंच वाद्य. उलट ड्रमच्या संचांत लहानमोठीं चामडीं व झांजा असल्यामुळें उंच-खोल नाद निघतात. एकानें दाट स्वरांची सर आणली तर दुसऱ्यानें तिला तोंड द्यावें, किंवा मुद्दाम थांबून तिला वाट करून द्यावी. तिसरा कोणी नसल्यामुळें लक्ष चुकलें तर लपावयास जागा नाहीं.

हें संगीत आपल्यापासून फार दूरचें आहे, असेंही नाहीं. १९३० नंतरच्या दशकांत मुंबईच्या ताज महाल हॉटेलांत टेडी वेदरफोर्ड हे अमेरिकन पियानोवादक जॅझ वाजवीत असत. आमच्या दौंड–मनमाड लोहमार्गावरील पुणतांब्यास जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांनीं १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटांत चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रंपेटवादकास साथीस घेतलें. ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू तबला शिकून ड्रमकडे वळले आणि जमिनीवर बसून तो वाजवीत जगभर फिरले. मुंबईंतच लुई बँक्स पियानोवर व त्यांचे पुत्र जिनो ड्रमवर, अशी पितापुत्रांची जोडीही रसिकांनीं ऐकली आहे.

आपल्याकडे ढोलकीवाला, हलगीवाला, संबळवाला यांना आपण ‘साथीदार’ म्हणून मागें बसवितों. नांव होतें तें गाणाऱ्याचें. ठेका म्हणजे जणूं चाकरी. त्या दोघांच्या वादनानें मला शिकविलें कीं, तालालाही स्वतःचें बोलणें असतें. ऐकणारा मात्र पाहिजे.

त्या मुलाला उभें केल्यास आतां पुष्कळ वर्षें लोटलीं. आपल्या घरीं एखादें मूल जेवतांना ताटावर बोटें वाजवूं लागलें, तर त्यास दटावण्यापूर्वीं मनांतल्या मनांत सोळा मोजून पाहा. कदाचित् तें समेवर येईल.