विधी साहाय्य आणि आरोपीच्या पूर्वइतिहासाच्या नोंदी

प्रस्तावना : १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद ३९-क समाविष्ट झाला आणि मोफत विधी साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार अभिरक्षेतील व्यक्तीस उत्पन्नाच्या अटीशिवाय हे साहाय्य मिळते. परंतु वकील मिळाला, तरी त्याच्या हाती आवश्यक माहिती असते काय? प्रस्तुत लेखात आरोपीच्या गुन्हेगारी पूर्वइतिहासापुरता या प्रश्नाचा विचार केला आहे.

नोंदींचे महत्त्व : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, मृत्युदंड वा आजन्म कारावासाचे गुन्हे वगळता, कमाल शिक्षेचा निम्मा काळ कारागृहात काढलेला न्यायाधीन बंदी जामिनास पात्र ठरतो. पूर्वी कधीही दोषसिद्धी न झालेल्यास एक-तृतीयांश काळ पुरेसा आहे. मात्र अनेक प्रकरणे प्रलंबित असल्यास ही सवलत मिळत नाही. कमाल ३ वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यात ही मुदत अनुक्रमे दीड वर्ष व १ वर्ष होते. म्हणजेच पूर्वदोषसिद्धीच्या एका नोंदीवर सहा महिन्यांचे स्वातंत्र्य अवलंबून असते.

प्रत्यक्ष स्थिती : २००९ मध्ये मंजूर झालेल्या ‘सीसीटीएनएस’ प्रकल्पामुळे पोलीस ठाण्यांतील नोंदी संगणकाने जोडल्या गेल्या. पुढे ‘आयसीजेएस’ प्रणालीने पोलीस, न्यायालय, कारागृह, अभियोग व न्यायसहायक प्रयोगशाळा हे पाच घटक एकत्र आणले. या पाचांत बचाव पक्ष नाही. २०२२ च्या योजनेनुसार नेमलेल्या लोकअभिरक्षकासही ‘आरोपीवर पूर्वीचे गुन्हे दाखल आहेत’ हे विधान अनेकदा सरकार पक्षाच्या म्हणण्यातूनच प्रथम कळते. न्यायालयांच्या संकेतस्थळावर नावाने शोध घेता येतो. पण नामसाधर्म्यामुळे तो निर्णायक ठरत नाही. निरक्षर आरोपीस जुन्या खटल्याचा निकाल नेमका सांगता येईलच असे नाही. परिणामी निर्दोष सुटलेले प्रकरणही त्याच्याविरुद्ध उभे राहू शकते.

समारोप : सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यामुळे या नोंदी सर्वांस खुल्या करणे इष्ट नाही. तथापि, आरोपीच्या लेखी संमतीने त्याच्या वकिलास त्याच्याच नोंदीची प्रत जामीन-सुनावणीपूर्वी मिळावी आणि तीत प्रत्येक प्रकरणापुढे दोषसिद्ध, निर्दोष वा प्रलंबित असा स्पष्ट उल्लेख असावा. आरोपीविरुद्ध वापरली जाणारी माहिती त्याच्या वकिलापासून दूर ठेवल्यास विधी साहाय्य केवळ औपचारिकता ठरेल.