छापील मोरावर सुईचे टाके

साकीनाका, असल्फा, कुर्ला या भागांतील गल्ल्यांतून भरतकामाची यंत्रे चालतात, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. या यंत्रांखाली आता कोऱ्या कापडाबरोबर चित्र छापलेले कापडही येते. यात कारागिरीचा प्रश्न आहे, तसाच मजुरीचाही आहे.

पदरावर मोर काढायचा आहे असे समजा. मानेवरची निळी-हिरवी छटा दोऱ्याने साधायची, तर रंगामागून रंग बदलावे लागतात. शाई फवारणारे छपाईयंत्र ती सहज उतरवते. साध्या एका थेंबातून त्याचे लाखो थेंब निघतील, इतके ते बारीक असतात. चकाकी आणि उठाव मात्र दोऱ्यानेच यावा. म्हणून मान शाईची आणि डोळा, चोच, पिसांच्या कडा दोऱ्याच्या, अशी वाटणी झाली.

वाटणी सोपी, जुळणी कठीण. सुती कापडावरचा रंग पक्का करण्यासाठी ते वाफवावे व धुवावे लागते, आणि धुतलेले सुती कापड आटते. ३० सेंटिमीटरचा मोर शेकडा दोन आटला, की ६ मिलिमीटरचा फरक. डोळा गालावर जाऊन बसतो! म्हणून चित्राच्या कोपऱ्यांबाहेर फुल्या छापतात. कारागीर कापड फ्रेमवर ताणतो, सुई एकेका फुलीवर आणून पाहतो. पंचिंग, म्हणजे टाक्यांचा संगणकातील आराखडा, आटलेल्या मापाने लहान करावा लागतो. शिवाय टाके स्वतःच कापड आत ओढतात. त्यासाठी खाली अस्तर लावतात, मधून बाहेर भरत जातात आणि कडा शेवटी घेतात.

आता हिशेब. या धंद्यात जॉबवर्कचा दर बहुधा हजार टाक्यांवर ठरतो. उदाहरणादाखल मिनिटाला ८०० टाके घालणारे यंत्र घ्या. पूर्ण दोऱ्याच्या मोराला ४०,००० टाके, म्हणजे ५० मिनिटे, आणि कापड चढवायला २. छापील मोराला ८,००० टाके, म्हणजे १० मिनिटे. पण चढवून जुळवायला ८. पहिल्या कामात तासाला ४६,००० टाके मोजले जातात, दुसऱ्यात २७,००० सुद्धा नाहीत. नजरेचे काम वाढले, मोजले जाणारे घटले. जॉबवर्कवाला यात भरडतो, आणि त्याच्या आधी त्याचा कारागीर.

नगावर काम करणाऱ्यालाही वेळेच्या हिशेबाने किमान मजुरीची हमी देण्याची तरतूद १९४८ च्या किमान वेतन कायद्यात होती. २०१९ च्या वेतन संहितेनेही ते तत्त्व ठेवले. तेव्हा मागणी काही जगावेगळी नाही. जुळणीची मिनिटे दरपत्रकात टाक्यांहून वेगळी लिहावीत, आणि नमुना धुऊन माप घेण्याचा खर्च काम देणाऱ्याने सोसावा.