मंडळीची वर्गणी आणि दगडी चर्चचे आयुर्मान

सोलापूरहून कलबुर्गीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातील कडधान्यांच्या बाजारपेठेचे गाव महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सीमेवर वसलेले असून, मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा तेथे सारख्याच सहजतेने बोलल्या जातात. लोकवर्गणीतून धर्मस्थळे उभारण्याची आणि सांभाळण्याची रीत या पट्ट्यात जुनी आहे. लिंगायत मठांतील दासोह, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला अन्न मिळावे म्हणून भक्तांनी आपल्या कमाईतला वाटा देण्याची परंपरा, येथील लोकांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आडत दुकानांतून होणाऱ्या प्रत्येक व्यवहारामागे धर्मादाय म्हणून थोडी रक्कम बाजूला काढण्याचा प्रघातही जुन्या बाजारपेठांत होता. याच सोलापूर जिल्ह्यात आणि एकंदर दख्खनच्या पठारावर एकोणिसाव्या शतकापासून उभी असलेली दगडी चर्चे मात्र लोकवर्गणीच्या चर्चेत क्वचितच येतात. ती परदेशी पैशातून बांधली गेली आणि परदेशी पैशावरच टिकतील, असा समज अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. हा समज इतिहासाच्या दृष्टीने अर्धवट आहे आणि या इमारतींच्या भवितव्याच्या दृष्टीने घातक आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० साली सोलापूरला पोहोचली आणि पुढे १८७१ साली रायचूरला मद्रास रेल्वेला जोडली गेली. त्याच सुमारास, १८६० च्या दशकाच्या आरंभी, अमेरिकन मराठी मिशनचे कार्य सोलापुरात सुरू झाले. या मिशनची मुळे १८१३ साली मुंबईत रुजली होती आणि १८३१ साली अहमदनगर येथे तिचे ठाणे पडले होते. बॉस्टन येथील ‘अमेरिकन बोर्ड’ ही तिची मातृसंस्था होती. शाळा, बालकमंदिरे, शिक्षक-प्रशिक्षण आणि दुष्काळातील अनाथांचा सांभाळ ही कामे चर्चच्या आवारातूनच वाढली, आणि १८७६ ते १८७८ चा व १८९९-१९०० चा असे दोन भीषण दुष्काळ सोसलेल्या या प्रदेशात त्या आवारांचा संबंध उपासकांइतकाच उपासना न करणाऱ्यांशीही आला.

पैशाचा प्रश्न मिशनने आरंभापासूनच मनावर घेतला होता. बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन हे १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले. स्थानिक मंडळी स्वावलंबी, स्वशासित आणि स्वतः धर्मप्रसार करणारी झाली पाहिजे, हे तत्त्व त्यांच्या नावाने ओळखले जाते. ‘मंडळी’ म्हणजे एका चर्चशी जोडलेला उपासकांचा समुदाय, आणि पाळकाचा, म्हणजे धर्मगुरूचा, पगार या समुदायाने आपल्या दानातून द्यावा अशी अपेक्षा त्या तत्त्वात होती. मंडळीतील बहुसंख्य कुटुंबे भूमिहीन, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आलेली आणि दुष्काळाने मोडलेली असल्यामुळे ही अपेक्षा पूर्ण होणे अवघड होते, आणि तरीही रविवारच्या उपासनेतले दान, उपकारस्तुतीचे दान, उत्पन्नाचा दहावा भाग देण्याची दशमांशाची शिकवण आणि कापणीच्या सणाला आणलेल्या धान्या-भाजीपाल्याचा लिलाव या चार वाटांनी पैसा उभा राहत गेला. कापणीच्या सणाची रीत विशेष लक्षात घेण्याजोगी आहे, कारण ज्याच्या हाती रोकड नाही त्यालाही देणगीदार होण्याचा मान ती देते; पायलीभर ज्वारी किंवा एक भोपळा लिलावात चढ्या भावाने जातो आणि त्या वाढीव किमतीतून मंडळीचा निधी तयार होतो.

अशीच रीत मिझोराममधील प्रेस्बिटेरियन चर्चने १९१० पासून फार मोठ्या प्रमाणावर रुजवली. तेथे प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी गृहिणी मूठभर तांदूळ बाजूला ठेवते आणि गोळा झालेल्या तांदळाच्या विक्रीतून चर्चची कामे चालतात. महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या शिक्षणसंस्थेला घरोघरच्या मुष्टिफंडाने दिलेला आधार ही याच विचाराची मराठी रूपे होत. गोव्यातील परंपरा वेगळ्या धर्तीची आहे: तेथे गावकारी, म्हणजे गावच्या जमिनीची सामाईक मालकी सांभाळणारी संस्था, चर्चच्या खर्चाचा भार उचलत असे, तर चर्चची मालमत्ता व हिशेब पाहणारी ‘फाब्रिका’ आणि सणांचा खर्च वाहणारी ‘कोन्फ्रारिया’ ही मंडळे अजूनही चालू आहेत. जमिनीच्या कायमच्या उत्पन्नाचा असा आधार दख्खनमधील मराठी मंडळीला सहसा मिळाला नाही, त्यामुळे येथील चर्चचे छप्पर दर पिढीच्या खिशावर अवलंबून राहिले.

वर्गणीचा इतिहास पाहताना मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलची हकीकत टाळता येत नाही. गव्हर्नर जेराल्ड आँजिअर यांच्या काळात १६७६ च्या सुमारास त्याचा पाया घातला गेला, भिंती काही हात चढल्या आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षे काम तसेच पडून राहिले. त्यासाठी जमवलेली रक्कम गव्हर्नर जॉन चाइल्ड यांनी स्वतःकडे वळवली, असा स्पष्ट आरोप अलेक्झांडर हॅमिल्टन या प्रवाशाने १७२७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केला आहे. रिचर्ड कॉब या धर्मगुरूने नव्याने वर्गणी उभी केली, तेव्हा कोठे १७१८ च्या नाताळात चर्च खुले झाले. आरोपाची शहानिशा आज होणे कठीण असले तरी अपूर्ण भिंती चार दशके उघड्यावर राहिल्या ही गोष्ट खरी आहे, आणि धर्मकार्याच्या निधीबद्दल एकदा शंका आली की ती निवळायला एक पिढी लागते हे त्यातून दिसते. त्याच इमारतीच्या जतनकार्याला पुढे २००४ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला.

दख्खनमधील मिशनकाळातील चर्चची रचना बहुधा साधी असते. काळ्या बसाल्टच्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात, वर सागवानी कैच्या, म्हणजे छपराचा भार पेलणारे लाकडी त्रिकोण, आणि त्यांवर मंगलोरी कौले असतात, तर खाली शहाबादी फरशी असते. ही फरशी दुधनीवरून जाणाऱ्या याच लोहमार्गावरील शहाबादच्या खाणींतून येत असे. अशा इमारतीचा मुख्य शत्रू पाणी आहे. एक कौल सरकले की वाशाचे टोक भिजते, भिजलेल्या लाकडाला वाळवी लागते, कैची खचते आणि भिंतीचा माथा फुटतो. मग त्या फटीत पिंपळाचे रोप मूळ धरते. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात पाऊस कमी असल्याने ही गळती कित्येक वर्षे नजरेस येत नाही, आणि एखाद्या परतीच्या पावसात जेव्हा येते तेव्हा दुरुस्तीचा खर्च मंडळीच्या आवाक्याबाहेर गेलेला असतो. दर वर्षी मृगापूर्वी कौले चाळणे, पन्हळी साफ करणे आणि भिंतीवरची रोपे मुळासकट काढणे एवढे काम नियमाने झाले, तर दगडी चर्चला मोठ्या निधीची गरज फार दिवसांनी पडते.

दुसरा शत्रू म्हणजे चुकीचे साहित्य. चुना भिंतीतील ओलावा बाहेर जाऊ देतो आणि दगडांच्या बारीक हालचालीला वाव देतो. सिमेंट मात्र ओलावा आत कोंडते, क्षार दगडाच्या पृष्ठभागाशी जमा होतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. जुने गवंडी घाणीत चुना मळताना त्यात गूळ, हिरडा, बेलफळ आणि उडीद यांचे पाणी घालत, त्यामुळे चुन्याला चिकटपणा व टिकाऊपणा येई. आज असा चुना मळणारा कारागीर शोधावा लागतो, त्याला वेळ द्यावा लागतो, आणि सिमेंटची गोणी मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. त्यामुळे मंडळीने प्रामाणिक भावनेने जमवलेला पैसा अनेकदा चर्चचे नुकसान करण्यात खर्च होतो, आणि हे नुकसान पाच-दहा वर्षांनी दिसत असल्यामुळे त्याचा दोष कोणावरच येत नाही.

येथेच या विषयातील सर्वांत नाजूक मुद्दा येतो. जुन्या इमारतीला पैशाची टंचाई जितकी घातक ठरते, तितकाच किंवा त्याहून अधिक धोका एकदम आलेल्या मोठ्या रकमेत असतो. शताब्दी किंवा सुवर्णमहोत्सव जवळ आला की निधीचे आवाहन होते आणि परगावी व परदेशी गेलेली कुटुंबे सढळ हाताने देतात. मग दात्यांच्या नावाची संगमरवरी पाटी लागेल असे काहीतरी मोठे व्हावे, ही इच्छा बळावते. कौले जाऊन पत्रा येतो, शहाबादी फरशीवर चकचकीत टाइल्स बसतात, आणि कधी जुने चर्च पाडून दुप्पट आकाराचे नवे बांधले जाते. वाढलेल्या मंडळीला जागा हवी ही गरज खोटी नसते. तरीही निधीच्या आवाहनापूर्वी संवर्धनाचे शिक्षण घेतलेल्या वास्तुविशारदाकडून इमारतीची पाहणी करून घ्यावी, कामांचा क्रम ठरवावा आणि जमलेल्या रकमेचा ठरावीक भाग मुद्दल न मोडण्याच्या अटीवर कायम ठेवीत घालावा, हा आग्रह धरणारी मंडळी आपल्या पूर्वजांच्या कष्टांना न्याय देते. अशा ठेवीच्या व्याजातून दर वर्षीची कौले बदलता येतात. पाटी लावण्याजोगे त्यात काही नसते, पण इमारत उभी राहते.

कायद्याची चौकट या कामाला पुष्कळ अंशी पोषक आहे. चर्चची मालमत्ता बहुधा सार्वजनिक न्यासाकडे, म्हणजे ट्रस्टकडे असते आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली तिची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असावी लागते. स्थावर मालमत्ता विकायची असेल तर कलम ३६ नुसार त्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि नोंदणीकृत न्यास नसलेल्या समितीला धार्मिक कारणासाठी वर्गणी गोळा करायची असेल तर कलम ४१-क खाली परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळांना हा रिवाज चांगला परिचित आहे. मालकीचा गुंता मात्र मोठा आहे. काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्या १९२४ साली एकत्र येऊन त्यांची संयुक्त मंडळी झाली, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ अस्तित्वात आले, तेव्हा कोणती जागा कोणाकडे गेली हे सर्वत्र निःसंदिग्ध राहिले नाही. गुजरातमधील ब्रदरन चर्चच्या मालमत्तेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली असे स्पष्ट केले की, विलीनीकरणाचा ठराव झाल्याने मालमत्ता आपोआप हस्तांतरित होत नाही, त्यासाठी न्यासविषयक कायद्याची प्रक्रिया पूर्ण व्हावी लागते. ज्या चर्चची मालकी न्यायालयात अडकली आहे त्याच्यासाठी देणगी मागणे अवघड जाते, म्हणून कागदपत्रांची शुद्धी हीच पुष्कळ ठिकाणी संवर्धनाची पहिली पायरी ठरते.

देणगीदाराला करसवलत देण्याची वाटही आहे. एखाद्या विशिष्ट धर्मासाठीच असलेल्या न्यासाला १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०-जीचा लाभ सर्वसाधारणपणे मिळत नसे. पण ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्वाचे म्हणून केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या मंदिर, मशीद, गुरुद्वारा किंवा चर्चच्या दुरुस्तीसाठी दिलेल्या देणगीला त्याच कलमात निम्म्या रकमेची वजावट ठेवण्यात आली होती. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक इमारतींच्या पुनरुज्जीवनाचा समावेश असल्याने उद्योगांचा सामाजिक दायित्व निधीही मागता येतो. परदेशातील संस्थांकडून किंवा परकीय नागरिकत्व घेतलेल्या आप्तांकडून रक्कम घ्यायची असेल, तर २०१० च्या परकीय योगदान नियमन कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आवश्यक असते.

इंग्लंडमध्ये दर वर्षी सप्टेंबरात एका ठरलेल्या दिवशी लोक सायकलने किंवा पायी गावोगावची चर्चे पाहत फिरतात, आप्तेष्ट त्यांच्या नावे पैसे देतात आणि जमलेली रक्कम त्यांनी निवडलेले चर्च व जिल्ह्याचा संवर्धन न्यास यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. या उपक्रमात उपासनेला कधीच न जाणारे लोकही हिरिरीने भाग घेतात. महायुद्धात १९४५ साली कोसळलेले ड्रेस्डेन येथील फ्राउएनकिर्खे २००५ साली पुन्हा खुले झाले, तेव्हा सुमारे १८ कोटी युरोंच्या खर्चापैकी १० कोटींहून अधिक रक्कम देणग्यांतून आली होती, आणि देणाऱ्यांत त्या शहरावर बॉम्ब टाकणाऱ्या देशांचे नागरिकही होते. या उदाहरणांची आकडेवारी सोलापूर जिल्ह्याला लागू पडणार नाही. चर्चच्या आवारातील शाळेत शिकून गेलेला माजी विद्यार्थी, मग तो कोणत्याही धर्माचा असो, त्या इमारतीचा वारस आहे, हा विचार मात्र येथे तंतोतंत लागू पडतो. मठाच्या जत्रेला आणि दर्ग्याच्या उरुसाला सर्व जातिधर्मांची वर्गणी देणाऱ्या सीमाभागात तो विचार रुजवणे अवघड जाऊ नये.

त्यासाठी आवाहनाची भाषा बदलावी लागेल. मंडळीपुरते निघणारे पत्रक मराठीबरोबर कन्नडमध्येही निघाले, माजी विद्यार्थ्यांच्या याद्या शाळेच्या जुन्या हजेरीपटांवरून तयार झाल्या आणि कामाचा खर्च ‘एका कैचीची दुरुस्ती’, ‘शंभर कौले’, ‘घंटेचा आधार’ अशा समजण्याजोग्या वाट्यांत मांडला गेला, तर लहान देणगीदारालाही आपला पैसा कोठे गेला ते चर्चमध्ये उभे राहून पाहता येते. आता बहुतेक वर्गणी मोबाइलवरून येते. अशा वेळी पत्रकावरचा क्यूआर कोड कोणा पदाधिकाऱ्याच्या खासगी खात्याचा नसून न्यासाच्या खात्याचा असावा, प्रत्येक रकमेची पावती निघावी, आणि जमाखर्चाचा तक्ता दर महिन्याला चर्चच्या दारावर, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही वाचता येईल असा लावला जावा.