जोडगाडी किती भरवशाची?

कागलच्या परिसरातील गुऱ्हाळांवर पूर्वी उसाचा चरक ऑइल इंजिनावर चालत असे. दोहोंच्या मध्ये एक पट्टा असे. इंजिन उत्तम, चरकही उत्तम. पण दोन्ही पुल्या एका रेषेत नसल्या, की पट्टा निसटलाच. मग दोष कोणाचा? इंजिनाचा नव्हे, चरकाचाही नव्हे. दोष जोडणीचा!

हाच धडा शर्यतीच्या 'क्वॉड' गाड्यांनाही लागू पडतो. क्वॉड म्हणजे मोटारसायकलसारखे हँडल व बैठक असलेली, पण चार चाकांची गाडी. होंडा कंपनीची टीआरएक्स २५०आर ही अशी गाडी १९८६ ते १९८९ या काळात बनली. पुढे काही कारागिरांनी तिच्या धर्तीच्या सांगाड्यावर मोटोक्रॉस मोटारसायकलचे ४५० घन सेंटिमीटरचे इंजिन बसवले. ही झाली जोडगाडी. ती वेगवान खरी, पण शर्यत संपेपर्यंत टिकेल का?

मोटोक्रॉसचे इंजिन हलक्या दुचाकीसाठी घडवलेले असते. क्वॉड तिच्याहून बरीच जड. त्यामुळे क्लचवर ताण वाढतो आणि इंजिन अधिक तापते. शिवाय इंजिन धरणारे कंस, साखळीची रेषा, रेडिएटरच्या नळ्या, विजेच्या तारा, कार्ब्युरेटरची जुळणी हे सारे नव्याने करावे लागते. एकाच सिलिंडरच्या इंजिनाचे हादरे नेमक्या याच जागा शोधून काढतात.

आता थोडे गणित करू. समजा, गाडीचे पाच मुख्य भाग आहेत आणि प्रत्येक भाग १०० पैकी ९८ शर्यती निभावतो. एकाच्या बिघाडाचा दुसऱ्याशी संबंध नाही, आणि एक जरी बिघडला तरी गाडी थांबते, असे धरू. ०.९८ पाच वेळा गुणले, की सुमारे ०.९० येतात, म्हणजे १०० पैकी ९० शर्यती पूर्ण. आता त्यात पाच हातजोडण्या मिळवा, प्रत्येकीची खात्री ०.९५. गुणाकार येतो ०.७०! एकही भाग वाईट नाही, तरी १०० पैकी ३० वेळा गाडी वाटेतच थांबणार.

२००४ च्या सुमारास होंडा व यामाहा यांनी ४५० च्या तयार क्वॉड बाजारात आणल्या. त्यांची इंजिनेही मोटोक्रॉसच्याच घराण्यातली, पण क्वॉडसाठी फेरफार केलेली. तयार गाडी मोडतच नाही असे नाही. मात्र एकच नमुना हजारो लोक चालवतात, म्हणून त्याची दुखणी लवकर कळतात आणि सुटे भागही मिळतात. जोडगाडीचे दुखणे फक्त तिच्या मालकालाच, आणि तेही बहुधा शर्यतीत कळते!

म्हणून जोडगाडी बनवूच नये का? तसे नाही. २००७ साली पिथमपूर येथे सुरू झालेल्या 'बाहा' स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः गाडी बांधतात. तिच्यातील मोठी कसोटी म्हणजे चार तासांची सहनशक्तीची शर्यत. तेथे नुसत्या वेगाचा उपयोग नाही. प्रत्येक सांधा आधी चालवून, उघडून, तपासून, त्याची नोंद ठेवावी लागते.

अशा तपासणीने वरील पाच जोडण्यांची खात्री ०.९५ वरून ०.९९ वर नेली, तर १०० पैकी किती शर्यती पूर्ण होतील? वहीत करून पाहा. उत्तर ८६ च्या आसपास आले पाहिजे. इंजिन तेच, सांगाडाही तोच. १६ शर्यती वाढल्या त्या केवळ सांध्यांमुळे!