तपकिरीच्या बाटल्या, चिनी
छिंग (मांचू) राजवटीत (१६४४–१९११) चीनमध्ये तपकीर जवळ बाळगण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या लहान बाटल्या. त्यांची उंची सामान्यतः ५ ते ८ सेंमी. असून त्या मुठीत सहज मावतात. बुचाला हस्तिदंताचा किंवा बांबूचा चिमुकला चमचा जोडलेला असतो. महाराष्ट्रात तपकिरीसाठी डबी रूढ झाली. चीनमध्ये दमट हवेत तपकीर कोरडी राहावी म्हणून औषधाच्या घट्ट बुचाच्या बाटलीचा घाट स्वीकारला गेला. जेड, अकीक, चिनी माती इत्यादींच्याही बाटल्या आढळतात. तथापि काचेच्या बाटल्यांत वैविध्य अधिक आणि त्या पारखण्यासही अवघड आहेत.

तंबाखू चीनमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोहोचली व तपकिरीची चाल सतराव्या शतकात यूरोपीयांमुळे पडली. खांग-शी सम्राटाने १६९६ मध्ये बीजिंग येथे दरबारी काचशाळा स्थापन केली व तिची उभारणी किलियन श्टुंफ या जर्मन जेझुइटाकडे सोपविली. छ्येन-लुंगच्या कारकीर्दीत (१७३६–९५) ही कला परमोत्कर्षास पोहोचली. शांतुंग प्रांतातील बोशान हे काचेच्या उत्पादनाचे मोठे केंद्र होते.

आच्छादित काचेच्या बाटल्या विशेष प्रसिद्ध आहेत. पांढऱ्या किंवा पारदर्शक काचेवर तांबड्या, निळ्या वा हिरव्या काचेचा थर चढवून, तो अपघर्षक चूर्ण लावलेल्या फिरत्या चाकाने कोरीत व नको तेथे मूळ काचेपर्यंत काढून टाकीत. आतून रंगविलेल्या बाटल्या एकोणिसाव्या शतकातील होत. आतील पृष्ठभाग खरखरीत करून, अरुंद तोंडातून वाकड्या टोकाची लेखणी घालून चित्र उलट्या क्रमाने काढावे लागे. जौ ल-युआन हा या प्रकारातील विख्यात चित्रकार.

काचेचे वय थेट सांगणारी सोपी चाचणी उपलब्ध नाही. म्हणून परीक्षा अनेक खुणांच्या मेळावर अवलंबून असते. प्रथम बाटली दिवसाच्या उजेडात व नंतर दहापट भिंगाखाली पाहतात. चाकाने कोरलेल्या नक्षीच्या कडा धारदार असतात व तळभूमीवर बारीक समांतर रेषा दिसतात. साच्यात दाबून काढलेल्या नकलेच्या कडा बोथट, बहुधा साच्याच्या सांध्याची रेघ असलेल्या असतात. बुडाच्या कडेवरील खऱ्या वापराचे ओरखडे सर्व दिशांना व कमीअधिक खोल असतात. एकाच दिशेचे ओरखडे मुद्दाम घासल्याचे लक्षण समजावे. जेडसारख्या दिसणाऱ्या बाटलीत बुडबुडे आढळल्यास ती काच होय. विशिष्ट गुरुत्वही उपयोगी पडते : साध्या काचेचे सु. २·५, नेफ्राइट जेडचे सु. २·९५, जेडाइटचे सु. ३·३; मात्र शिसे असलेली काच बरीच जड असल्याने केवळ वजनावर निवाडा करू नये. आतील तपकिरी डाग, जुने बूच आणि बुडावरील राजमुद्रा यांवर नवख्या संग्राहकाची भिस्त असते, पण तीच सर्वांत कच्ची प्रमाणे होत. डाग लावता येतो, बुचे बदललेली असतात आणि छ्येन-लुंगची मुद्रा नंतरच्या कारागिरांनी सर्रास वापरली. पुष्कळशा अस्सल बाटल्यांवर मुद्राच नसते.

जुन्या चिनी काचेला एक दुखणे जडते. अल्कलीचे प्रमाण अधिक व चुन्याचे कमी असल्यास दमट हवेत अल्कली पृष्ठभागावर पाझरते, स्पर्श चिकट लागतो. पुढे हवा कोरडी झाली, की काचेत केसासारख्या भेगांचे जाळे पडते. अमरावती व अकोला या भागांत पावसाळ्यातील दमटपणा व उन्हाळ्यातील ४५° से.पर्यंत चढणारी कोरडी उष्णता यांची आलटापालट होते, त्यामुळे अशा काचेला वऱ्हाडचे हवामान मुळीच मानवत नाही. बाटली उन्हाच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नये व सापेक्ष आर्द्रता शक्यतो ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान स्थिर राखावी. आतून रंगविलेली बाटली पाण्याने धुणे म्हणजे चित्र पुसून टाकणे होय.

महाराष्ट्रात चिनी कलावस्तूंचा महत्त्वाचा संग्रह मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे (पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम, सार्वजनिक दर्शनासाठी खुले १९२२). त्यात तपकिरीच्या बाटल्याही असून, हा भाग मुख्यत्वे सर रतन टाटा (१८७१–१९१८) व सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आला. टाटा घराण्याचा चीनशी व्यापार होता आणि नागपूरची एम्प्रेस मिल (१८७७) वऱ्हाड-नागपूरकडील कापसाच्या आधारे उभी राहिली. तेव्हा या कपाटातील काचेशी वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचा दूरचा संबंध पोहोचतो, असे म्हणता येईल.

पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ (अंमल १९७६ पासून) अन्वये शंभर वा अधिक वर्षांची कलावस्तू पुरावशेष ठरते. ती मूळची भारतीय असावी अशी अट नाही. अशा वस्तूंच्या व्यापारास परवाना लागतो व खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर पाठविता येत नाही. हस्तिदंती चमच्याच्या विक्रीवर वन्यजीव कायद्याचे वेगळे निर्बंध आहेत.